टोकियोत भाड्याचं घर : नकाराला घाबरून कुठेही सही करू नका

कासाईवासी :

नमस्कार मंडळी,

मार्च जवळ आला की ओळखीपाळखीतून निरोप यायला लागतात. कुणाचा भाचा एप्रिलमध्ये रुजू होतोय, कुणाच्या मैत्रिणीच्या नवऱ्याची बदली झालीय. सगळ्यांचा प्रश्न एकच, तिथे परदेशी माणसाला घर देतात का हो? म्हणून हा धागा काढतेय. मी नवरा-मुलांसह टोकियोच्या एदोगावा वॉर्डात राहते. नव्याने आलेल्या बऱ्याच जणांबरोबर दुभाषी म्हणून एजंटच्या ऑफिसात बसले आहे. खाली लिहितेय ते त्यातून जमलेलं.

आधी उत्तर. घर देतात. नकारही देतात, आणि तो तोंडावर देतात. पण माझ्या पाहण्यात लोकांचं खरं नुकसान नकाराने होत नाही. दोन-तीन ठिकाणी नाही म्हटलं की माणूस धास्तावतो, आणि मग जो कोणी हो म्हणेल त्याच्या करारावर आकडे न वाचता सही करून मोकळा होतो. पैसे जातात ते तिथे, आत शिरताना आणि घर सोडताना.

एजंटच्या ऑफिसात काय घडतं ते सांगते. तो तुमच्यापुढे घरांची दोन-चार पानं छापून ठेवतो. एखादं आवडलं की तिथूनच त्या घराच्या व्यवस्थापन कंपनीला फोन लावतो. "परदेशी आहेत, पण..." असं म्हणत तुमच्याकडे बघतो आणि कागदावर पेन टेकवतो. पलीकडून प्रश्न येतात. कुठल्या देशाचे? जपानी बोलता येतं? नोकरी कुठे? व्हिसा किती वर्षांचा? माणसं किती? याची उत्तरं त्याला तिथल्या तिथे देता आली तर बोलणं पुढे सरकतं. "विचारून कळवतो" म्हणून फोन ठेवावा लागला, तर बहुतेक वेळा ते घर गेलंच समजा.

म्हणून जाण्याआधी जपानीत एक पानभर माहिती तयार ठेवा. नाव काताकाना लिपीत, कंपनीचं नाव-पत्ता, वार्षिक पगार, रुजू झाल्याची तारीख, राहणारी माणसं आणि त्यांची नाती, आणि जपानी बोलणाऱ्या एखाद्या परिचिताचा फोन नंबर. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. रात्री पाइप फुटला तर फोन कुणाला करायचा, ही मालकाची खरी काळजी असते. सोबत झाइऱ्यू कार्ड म्हणजे रहिवासी कार्ड, पासपोर्ट, नोकरीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या. नवीन नोकरी असेल तर नेमणूकपत्र.

आता पैसे. समजा भाडं महिना १,००,००० येन आहे. शिकिकिन, म्हणजे आपलं डिपॉझिट, १ महिना. रेइकिन १ महिना. हे घरमालकाला द्यायचे, परत मिळत नाहीत. मुंबईतल्या पागडीची आठवण येईल, पण पागडीने भाडेकरूला निदान काही हक्क तरी मिळतो, रेइकिनने काहीच मिळत नाही. एजंटची फी १ महिना अधिक १० टक्के कर, म्हणजे १,१०,०००. जामीनदार कंपनीची फी भाड्याच्या निम्म्यापासून पूर्ण भाड्यापर्यंत. आगीचा विमा आणि कुलूप बदलण्याचे मिळून ३०-४० हजार. वर पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. बेरीज पाच ते साडेपाच लाखांच्या आसपास जाते. एक लाखाच्या घरासाठी हातात पाच-सहा लाख लागतात, हे भारतातून निघण्याआधी माहीत असलेलं बरं.

यात कमी काय होतं? रेइकिन नसलेली घरं भरपूर आहेत, शोधतानाच तशी गाळणी लावा. एजंटच्या फीचा मूळ नियम असा की घरमालक आणि भाडेकरू दोघांकडून मिळून त्याला जास्तीत जास्त १ महिन्याचं भाडं अधिक कर घेता येतो, आणि राहत्या घरासाठी भाडेकरूकडून निम्मंच. निम्म्याहून जास्त घ्यायचं तर काम हाती घेतानाच तुमची संमती लागते. त्यामुळे फी किती हे पहिल्या भेटीत विचारा, शेवटच्या दिवशी नाही. अंदाजपत्रकात "जंतुनाशक फवारणी", "२४ तास मदत सेवा" अशा ओळी दिसल्या की हे सक्तीचं आहे का, असं नम्रपणे विचारा. पुष्कळदा ती ओळ निघते.

डिपॉझिट शून्य, रेइकिनही शून्य अशी जाहिरात असेल तर करार आणखी नीट वाचा. वर्षाच्या आत सोडलं तर दंड, सफाईचे ठरावीक पैसे, असं काही ना काही आत असतं. त्यात गैर काही नाही, पण बेरीज करूनच स्वस्त म्हणा.

सही करण्याआधी परवानाधारक माणसाने कराराचे महत्त्वाचे मुद्दे वाचून समजावणं कायद्याने बंधनकारक आहे. ते भराभर वाचलं जातं. "परत सांगा" म्हणायला अजिबात संकोचू नका. करार साधा आहे की ठरावीक मुदतीचा, हे तिथे आवर्जून विचारा. साध्या करारात दोन वर्षांनी नूतनीकरण होतं आणि मालकाला सबळ कारणाशिवाय तुम्हाला काढता येत नाही. ठरावीक मुदतीचा असेल तर मुदत संपली की करार संपला. आपल्याकडच्या ११ महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटची सवय असल्याने हा फरक कुणी विचारतच नाही.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देते. इथले जुने लोकही भर घालतीलच.

---

मुळशीची_माती :

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही एप्रिलमध्येच येतोय. मिस्टरांच्या कंपनीने सुरुवातीला महिनाभर सर्व्हिस्ड अपार्टमेंट दिलंय, पुढचं आमचं आम्ही बघायचं. जपानी दोघांनाही येत नाही. घर, बँक खातं आणि फोन यात आधी काय करायचं? प्रत्येकाला दुसऱ्याची गरज आहे असं वाचलं.

---

कासाईवासी :

@मुळशीची_माती, स्वागत! तुमचं वाचलं ते बरोबर आहे, पण गाठ सुटते.

नारिता किंवा हानेदाला उतरलात की रहिवासी कार्ड विमानतळावरच मिळतं. त्यावर पत्त्याची जागा कोरी असते. राहायला लागल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा, तो कार्डाच्या मागे छापून मिळतो. तुमच्या तात्पुरत्या घराचा पत्ता नोंदवता येईल का, हे कंपनीच्या एचआरकडून आत्ताच लेखी विचारून घ्या. तो एकदा नोंदवला की फोन, मग बँक, मग घर असं ओळीने होतं. नव्या घरी गेलात की परत १४ दिवसांत पत्ता बदलायचा.

दुसरं असं की एप्रिल हा जपानमध्ये शाळा-नोकऱ्यांच्या वर्षाचा आरंभ. फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळा देश घरं बदलतो, एजंटला उसंत नसते आणि सामान हलवणारेही भाव वाढवतात. तुम्ही एप्रिलमध्ये शोधणार हे एका परीने बरंच आहे. गर्दी ओसरलेली असते, आणि ज्यांचं घर मार्चमध्ये गेलं नाही ते मालक जरा नरमलेले असतात.

---

नदीकाठ :

छान लिहिलंय. पण युआरचं नाव धाग्यात अजून कसं आलं नाही? आम्ही तर सगळ्यांना आधी तिथेच पाठवतो.

युआर ही निमसरकारी संस्था आहे, देशभर सात लाखांच्या आसपास घरं आहेत त्यांची. रेइकिन नाही, एजंटची फी नाही, नूतनीकरणाचे पैसे नाहीत आणि जामीनदारही लागत नाही. डिपॉझिट तेवढं २ महिन्यांचं. मध्यम किंवा दीर्घ मुदतीचा वैध व्हिसा असलेल्या परदेशी माणसालाही तेच नियम, तुमचा देश बघून कुणी फोन ठेवत नाही. घर रिकामं असेल तर जो आधी येईल त्याचं. सोडताना १४ दिवस आधी कळवलं की झालं.

काही गोष्टी आधीच माहीत असू द्या. इमारती बऱ्याचदा जुन्या असतात. एसी बहुधा आपला आपण बसवायचा, दिवेही. भाड्यात घासाघीस चालत नाही. आणि चांगल्या जागेचं घर सकाळी दिसलं तर दुपारी नसतं, त्यामुळे कागदपत्रं पिशवीत घेऊनच शाखेत जा.

---

हिशोबनीस :

नदीकाठ यांना पूर्ण अनुमोदन. फक्त युआरला उत्पन्नाची अट आहे. कुटुंबासाठी ती अशी : भाडं ८२,५०० येनपेक्षा कमी असेल तर महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या चौपट हवं. त्याच्या वर २ लाखांपर्यंतच्या भाड्याला महिना ३,३०,००० येन. उत्पन्न कमी पण शिल्लक भरपूर असेल तर भाड्याच्या शंभरपट बचत दाखवूनही चालतं, किंवा ठरावीक काळाचं भाडं एकरकमी आगाऊ भरता येतं. नियम अधूनमधून बदलतात म्हणून शाखेत विचारून खात्री करा.

मुळशीची_माती, तुलना करताना नुसतं मासिक भाडं बघू नका. दोन वर्षांचा एकूण खर्च काढा. खासगी घराचं भाडं ५ हजारांनी कमी असेल तर दोन वर्षांत १,२०,००० वाचतात. पण रेइकिन, एजंट, जामीनदार कंपनी आणि दोन वर्षांनी नूतनीकरणाचं एक भाडं धरलं की तो फायदा केव्हाच संपतो.

---

वायटूकेचा_प्रवासी :

मी २००० सालाच्या आधी आलेला. त्या वेळी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या सॉफ्टवेअरची कामं निघाली आणि भारतातून अभियंते यायला लागले. ऑफिसं ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो या भागात. तोझाई लाइनने तिथे थेट जाता येतं आणि भाडं झेपेल असं ठिकाण म्हणजे एदोगावा वॉर्डातलं निशी-कासाई. तिथे युआरच्या वसाहती होत्याच. एक कुटुंब आलं, त्याने दुसऱ्याला बोलावलं, मग किराणा दुकान, मग शाळा. आज टोकियोत सगळ्यात जास्त भारतीय एदोगावा वॉर्डात आहेत. २०१९ साली त्याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, मूळचे महाराष्ट्रातले. घराला नकार मिळणाऱ्या समाजातला माणूस तिथला लोकप्रतिनिधी झाला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

एक गंभीर गोष्ट मात्र सांगतो. एदोगावा वॉर्डाची जवळपास ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. एका बाजूला आराकावा, दुसऱ्या बाजूला एदोगावा नदी, पुढ्यात समुद्र. २०१९ मध्ये वॉर्डाने पुराचा जो नकाशा घरोघर वाटला, त्यावर वॉर्डानेच छापलं होतं की "इथे थांबू नका". मोठा पूर येणार असेल तर वॉर्ड सोडून जा, असा त्याचा अर्थ. घाबरवण्यासाठी सांगत नाही, आम्ही इथेच राहतो. पण घर निवडताना मजला बघा, तळमजला टाळा, आणि जायचं कुठे हे घरात ठरवून ठेवा. २०२० च्या ऑगस्टपासून करार समजावताना पूर-नकाशावर तुमचं घर कुठे आहे ते दाखवणं एजंटला बंधनकारक आहे. दाखवलं नाही तर मागा.

भूकंपासाठी जून १९८१ ही तारीख लक्षात ठेवा. त्यानंतर परवानगी मिळालेल्या इमारती नव्या भूकंप-निकषांवर बांधलेल्या. त्याआधीची असेल तर मजबुतीकरण झालंय का विचारा.

---

ओसाका_डायरी :

धागा उत्तम आहे, पण नकाराचा विषय इतक्यात मिटवू नये असं मला वाटतं. मी तीन भाषांत व्यवस्थित बोलते, त्यात जपानीही आली. एजंटच्या ऑफिसात बसून मालकाशी चाललेलं त्याचं बोलणं मला शब्दन् शब्द कळत होतं. पगार ऐकून पलीकडचा आवाज खूश झाला, कंपनीचं नाव ऐकून आणखी खूश झाला, आणि देश ऐकल्यावर थांबला. एजंटने फोन ठेवला, छातीपुढे दोन्ही हात फुलीसारखे धरले आणि कमरेत वाकून माफी मागितली. त्या एजंटचा दोष नव्हता. पण त्या दिवशी घरी जाताना काय वाटलं ते विसरता येत नाही.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. न्याय मंत्रालयाने केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, आधीच्या पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी ३९.३ टक्क्यांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं. ४१.२ टक्क्यांना जपानी जामीनदार नाही म्हणून नकार मिळाला. सरकारचेच आकडे आहेत. खासगी मालकाला यासाठी थेट शिक्षा करणारा देशव्यापी कायदा नाही. पण कोर्टात दाद मागता येत नाही असंही नाही. २००७ मध्ये क्योतो जिल्हा न्यायालयाने, कोरियन नागरिक म्हणून घर नाकारलेल्या एका महिलेला ११ लाख येन भरपाई द्यायला घरमालकाला सांगितलं होतं.

"मनाला लावून घेऊ नका" असं नव्याने येणाऱ्यांना कृपया सांगू नका. लागतंच.

---

कासाईवासी :

@ओसाका_डायरी, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. लागतंच, आणि ते अन्याय्य आहे हे स्पष्ट म्हटलंच पाहिजे. न्याय मंत्रालयाची परदेशी भाषांमध्ये बोलणारी मानवाधिकार हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवावी असं मी सगळ्यांना सांगते. तक्रारीने ते घर मिळणार नाही, पण पुढचे आकडे त्यातूनच तयार होतात.

आणि त्याच संध्याकाळी दुसरं घर बघायचं असतं, हेही आहेच. एजंटला पहिल्याच वाक्यात सांगा, "परदेशी व्यक्तीला चालेल हे आधी फोन करून विचारा, आणि होकार आलेलीच घरं मला दाखवा." घर बघून, मनात पडदे लावून झाल्यावर नकार ऐकण्यापेक्षा हे सोपं जातं. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर वृद्ध, कमी उत्पन्नाचे, परदेशी नागरिक अशांना नाकारणार नाही म्हणून मालकांनी नोंदवलेली घरंही आहेत, "सेफ्टी नेट" घरं म्हणतात त्यांना. त्यांची शोध-वेबसाइट आहे, वॉर्ड ऑफिसातही माहिती देतात.

---

सह्यकडा :

मी विद्यार्थी आहे, सेंदाइमध्ये. वर सगळे पगाराचं बोलतायत, विद्यार्थ्यांनी काय करायचं? पहिलं वर्ष वसतिगृहात काढलं, आता बाहेर पडावं लागतंय. बाबा जामीन राहायला तयार आहेत, पण ते साताऱ्यात.

---

वायटूकेचा_प्रवासी :

अरे, भारतातला जामीन इथे सहसा चालत नाही. व्यक्तीऐवजी जामीनदार कंपनीच घ्यावी लागेल. आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात जा. काही विद्यापीठं स्वतः संस्था म्हणून जामीन राहतात किंवा विद्यार्थ्यांसाठी विशेष व्यवस्था करतात. विद्यापीठाच्या सहकारी दुकानाकडेही पुष्कळ ठिकाणी घरांची यादी असते, आणि त्या यादीतले मालक परदेशी मुलांना सरावलेले असतात.

जामीनदार कंपनी खातरजमेसाठी फोन करते, जपानीत. नाव, जन्मतारीख, भाडं किती, कुणाबरोबर राहणार, एवढंच विचारतात. तो फोन चुकवू नकोस. अर्जात लिहिलंय त्याप्रमाणेच उत्तरं दे. हवं तर एखाद्या जपानी मित्रासोबत आधी सराव कर.

---

सह्यकडा :

खूप धन्यवाद काका. सोमवारीच कक्षात जातो.

---

अबोली :

बाळंतपणासाठी आई-बाबा नव्वद दिवसांच्या व्हिसावर येणार आहेत. करारात आम्हा दोघांचीच नावं आहेत. कुणाला सांगावं लागतं का? आणि भीती दुसरीच आहे. आई रोज फोडणीचं करणार. आमच्या मजल्यावर कुणी काही बोलत नाही, पण घर सोडताना वासाचे पैसे कापतात असं ऐकलंय.

---

कासाईवासी :

@अबोली, अभिनंदन! व्यवस्थापन कंपनीला एक फोन किंवा ईमेल करून ठेवा, "आई-वडील अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाहुणे म्हणून येत आहेत". पाहुण्यांना सहसा हरकत घेत नाहीत. न सांगता घरात चार माणसं दिसली, तर मात्र करार मोडला असं वाटू शकतं. आई आल्या की त्यांना घेऊन खालच्या-वरच्या-शेजारच्या घरी जाऊन या, छोटा टॉवेल किंवा बिस्किटांचा पुडा द्या, बाळ येणार आहे हेही सांगा. इथली ती रीत आहे, आणि रात्री बाळ रडेल तेव्हा तिचा उपयोग होतो.

फोडणीचं सांगते. शेगडीवरच्या पंख्याला जाळी असते, तिच्यावर मिळतो तो कागदी फिल्टर लावा. आपल्या स्वयंपाकात तो पंधरा दिवसांत पिवळा पडून तेलाने जड होतो. मग काढून टाकायचा, दुसरा लावायचा. शेगडीमागच्या भिंतीला अ‍ॅल्युमिनियमचा पडदा उभा करा, शंभर-येन दुकानात मिळतो. फोडणी घालायच्या आधीच पंखा सुरू करायचा आणि जेवणं होईपर्यंत बंद करायचा नाही. हळद भिंतीच्या कागदावर उडाली तर ओली असतानाच पुसा, वाळली की निघत नाही.

पैसे कापण्याबद्दल हिशोबनीस जास्त नेमकं सांगतील.

---

हिशोबनीस :

सांगतो, कारण इथे लोक सगळ्यात जास्त पैसे सोडून देतात.

घर सोडताना पूर्ववत करून देण्याबाबत सरकारी मार्गदर्शक तत्त्वं १९९८ मध्ये आली, २०११ मध्ये पुन्हा सुधारली. त्यांचा गाभा एप्रिल २०२० पासून नागरी कायद्यातही आला. नेहमीच्या राहण्याने होणारी झीज मालकाच्या खात्यावर. उन्हाने भिंतीचा कागद फिकटला, कपाटाचा जमिनीवर ठसा उमटला, फ्रिजमागे भिंत काळवंडली, कॅलेंडरची टाचणी लागली, हे सगळं मालकाचं. खिळे ठोकून पाडलेली मोठी भोकं, सिगरेटचा धूर, पुसलं नाही म्हणून साठलेलं तेल, दुर्लक्षाने पसरलेली बुरशी हे भाडेकरूचं.

आणि तुमची चूक असली तरी नव्या कागदाचे पूर्ण पैसे द्यायचे नसतात. भिंतीच्या कागदाचं आयुष्य ६ वर्षं धरतात, त्यानंतर त्याची किंमत हिशोबात १ येन. तुम्ही आलात तेव्हा कागद नवा होता आणि ३ वर्षं राहिलात, तर किंमत निम्मी उरलेली असते. तेही खराब झालेल्या भिंतीपुरतं, सगळ्या घराचं नाही. बिलात "सर्व भिंती, पूर्ण रक्कम" असं दिसलं तर सही न करता मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हिशोब मागा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने नुसतं एवढं लिहून पाठवलं आणि बिल निम्म्याहून खाली आलं. ऐकलं नाही तर १८८ या नंबरवर ग्राहक सल्ला केंद्र लागतं.

सफाईची ठरावीक रक्कम करारात आकड्यासह लिहिलेली असेल तर ती सहसा द्यावी लागते. म्हणून ती सही करतानाच वाचायची.

हे सगळं सिद्ध करायला चावी मिळेल त्याच दिवशी सामान आत नेण्याआधी फोटो काढा. प्रत्येक खोलीचे चार कोपरे, जमिनीवरचे ओरखडे, न्हाणीघराच्या फटी, खिडकीच्या चौकटी. चावीबरोबर तपासणीचा कागद मिळतो, त्यावर प्रत्येक ओरखडा लिहून एक प्रत कंपनीला पाठवा, एक स्वतःकडे ठेवा.

---

अबोली :

किती हलकं वाटलं वाचून! फोटो आम्ही काढले होते, तारखेसह आहेत. फिल्टर आजच आणते.

---

मुळशीची_माती :

सगळं वहीत उतरवून घेतलंय. मिस्टरांना वाचायला पाठवलं, तर ते एचआरला ईमेल करूनही मोकळे झाले. आता शेवटचे घरगुती प्रश्न. जाहिरातीत "स्टेशनपासून १० मिनिटं" म्हणतात ते खरं असतं का? घर खरंच पूर्ण रिकामं मिळतं का? आणि इथून काय आणू? सासूबाई शेगडी, मिक्सर आणि कुकर तिन्ही बांधून द्यायला बसल्यात.

---

कासाईवासी :

जाहिरातीतलं एक मिनिट म्हणजे ८० मीटर, असा नियमच आहे. म्हणजे १० मिनिटं म्हणजे ८०० मीटर. सिग्नल आणि चढ त्यात धरत नाहीत, बाबागाडीही नाही. स्वतः चालून बघा, शक्यतो संध्याकाळी.

घर रिकामं म्हणजे अगदी रिकामं. पडदे, छताचे दिवे, फ्रिज आणि पुष्कळदा शेगडीही नसते. पहिल्या रात्रीसाठी निदान एक दिवा आणि एक पडदा आधी घेऊन ठेवा. वीज आणि पाणी फोनवर किंवा ऑनलाइन सुरू होतं. गॅससाठी मात्र माणूस घरी येतो आणि तुम्ही हजर असावं लागतं, म्हणून राहायला जायच्या दिवसाची वेळ आठवडाभर आधीच घ्या. नाहीतर गरम पाण्याशिवाय राहावं लागेल, आणि एप्रिलमध्येही इथे गारठा असतो.

शेगडी अजिबात आणू नका. इथला गॅस इमारतीप्रमाणे नळाचा किंवा सिलिंडरचा असतो, आणि शेगडी त्याच प्रकारची लागते. घर ठरल्यावर इथेच घ्या. सिलिंडरचा गॅस बराच महाग पडतो, तेव्हा भाड्याची तुलना करताना तेही विचारा.

मिक्सरचं सांगायचं तर इथे वीज १०० व्होल्ट आहे. आपला २३० व्होल्टचा मिक्सर कण्हत फिरतो, चटणी काही वाटत नाही. मिक्सरच्या वॅटपेक्षा मोठा व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घेणार असाल तरच आणा. तो जड असतो, इथेही मिळतो.

कुकर जरूर आणा, पण आधी एक करा. काही लहान घरांत गॅसऐवजी विजेची इंडक्शन शेगडी असते आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. सासूबाईंना म्हणावं, तळाला चुंबक चिकटतो तोच बांधा. आणि घर बघायला जाल तेव्हा स्वयंपाकघरात गॅसचा नळ आहे की इंडक्शन, हे एजंटला विचारायच्या प्रश्नांत लिहून ठेवा.